पिकाला फुटलेला कंठ

आईचा फोन आला तेव्हा चंदना पुण्याच्या प्रयोगशाळेत, काचघरात टोमॅटोच्या रोपांमध्ये उभी होती.

"अण्णांनी तोडणी बंद केलीया," आई म्हणाली. "माल पिकून खाली पडालाय. गडीमाणसं आली होती, त्यांना माघारी लावलं."

"भाव पडला का?"

"भाव चांगला हाय. तू ये बाई. तुझ्या त्या डबीपायी झालंय समदं."

आईनं पुढं काही सांगितलं नाही. चंदनानं रजा टाकली आणि सांगलीची गाडी धरली.

कुरणवाड हे कृष्णाकाठचं गाव. तिथं जैनांची घरं बरीच, आणि सगळी पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी. ऊस लावतील, टोमॅटो काढतील, पण पाणी गाळून पितील आणि दिवस मावळायच्या आत जेवून उठतील. आदगोंडा मगदूम, म्हणजे चंदनाचे अण्णा, त्यांतलेच. कांदा-बटाटा त्यांच्या घराचा उंबरा कधी ओलांडून आला नव्हता. मात्र लेकीनं वनस्पतिशास्त्र शिकायचं म्हटल्यावर भाऊबंदांत पहिले तेच म्हणाले होते, "शिकू द्या. झाडात जीव हाय असं आपलं शास्त्र सांगतंय. ती जाऊन बघून यील."

ती गेली आणि खरोखर काहीतरी ऐकून आली.

झाडाच्या खोडात केसाहून बारीक नळ्या असतात. मुळांपासून पानांपर्यंत पाण्याचे अखंड धागे त्यांत ताणलेले असतात. पानांतून पाणी उडून जातं, वरून ओढ बसते आणि खालचं पाणी चढतं. जमिनीतली ओल कमी झाली की हा धागा ताणत ताणत तुटतो. तुटतो तिथं हवेचा बुडबुडा धरतो आणि 'टक्' असा आवाज होतो. हा आवाज इतका वरच्या पट्टीतला, की माणसाच्या कानाला तो लागतच नाही. तहानलेलं रोप असे आवाज सारखे काढत असतं, कापलेलं रोप वेगळ्या लयीत काढतं, आणि पाणी प्यायलेलं रोप जवळजवळ गप्प असतं. एवढं जगाला आधीच ठाऊक होतं. चंदनानं वाऱ्यापावसाच्या नि किड्यांच्या गोंगाटातून नेमके तेवढेच आवाज निवडून काढण्याची रीत शोधली. खोडाला चिमट्यासारखी लावायची काडेपेटीएवढी डबी तयार झाली. शेतकरी तिला 'कान' म्हणायला लागले.

कालव्याचं पाणी मोजून मिळायला लागलं होतं, त्यामुळे कान हातोहात खपला. पण एक अडचण आली. मोबाइलवर नुसती टकटक ऐकू येई, लाह्या फुटल्यासारखी. शेतकरी दोन दिवस ऐकत आणि सोडून देत. मग यंत्र विकणाऱ्या कंपनीनं टकटकीला एक चाल बसवली. रोप जितकं तहानलेलं तितका तो आवाज मुसमुसल्यासारखा होई. चंदनानं बैठकीत हरकत घेतली होती, तेव्हा तिथला एक हसरा माणूस म्हणाला होता, "मॅडम, शास्त्र तुमचंच आहे. आम्ही फक्त त्याला गळा दिलाय." पिकाला वेळेवर पाणी मिळू लागलं, आणि चंदनाही मग बोलली नाही.

अण्णांनी पंचक्रोशीतला पहिला कान आपल्या टोमॅटोला लावला. येईल-जाईल त्याला ऐकवत, "माझ्या लेकीनं पिकाला कंठ दिला!"

हे सगळं उन्हाळ्यातलं. आता श्रावण लागला होता.

*

अण्णा रानातच भेटले. मांडवाच्या काठ्यांना टोमॅटो लालेलाल लगडले होते, खाली सडा पडला होता, आंबूस वास सुटला होता. ते बांधावर बसले होते. चंदनाला बघून त्यांनी जागा करून दिली.

"पाणी द्यायला यायचो तवा तुझा कान ऐकायचो," ते म्हणाले. "बरं वाटायचं. तहान लागलीय म्हणालंय, पाजूया पाणी. लेकरागत. मग तोडणी लागली. त्या दिवशी मोबाइल बंद करायचा राहिला बघ खिशात." त्यांनी खिसा चाचपला. "गडी तोडत हुते, आणि माझ्या खिशात समदं रान रडालतं."

"अण्णा, ते रडणं नाही. खोडात हवेचे बुडबुडे होतात..."

"ते तू मला सांगितलंयस. कळलंय मला. माझ्या छातीत पण नुसता पंपच हाय की. पंप हाय म्हणून मला दुखत न्हाई का?" त्यांनी तिच्याकडं वळून बघितलं. "तू शिकलीस. मला एकच सांग. त्याला दुखतं का न्हाई?"

इथं चंदनाला 'नाही' म्हणता आलं असतं. कुणीही म्हटलं असतं. पण ती पंधरा वर्षं रोपांसोबत घालवलेली बाई होती. झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, हे तिला ठाऊक होतं. एक पान कुरतडलं की दुसऱ्या पानांत विजेची लहर जाते आणि ती पानं कडवट व्हायला लागतात, हेही ठाऊक होतं. त्या लहरीला काय म्हणायचं यावर तिच्याच प्रयोगशाळेत लोक हमरीतुमरीवर येत.

"माहीत नाही, अण्णा," ती म्हणाली. "बहुतेक नसावं. पण नक्की कुणालाच माहीत नाही."

अण्णांनी मान डोलावली, जणू हेच उत्तर त्यांना हवं होतं.

"मग माहीत हुईस्तवर तोडू नये," ते म्हणाले.

*

तोडणी थांबली ती थांबलीच. पुढं ती बंदी त्यांच्या ताटापर्यंत आली.

आधी भाज्या गेल्या. आपोआप गळून पडलेलं फळ तेवढं ते खात. मग एका सकाळी दाराशी गहू निवडत बसलेल्या आईच्या सुपातला एक दाणा उचलून त्यांनी चंदनाला विचारलं, "ह्यात हाय का जीव?"

"आहे. झोपलेला असतो. अगदी थोडा श्वास घेतो, यंत्रावर मोजता येतो."

त्या दिवसापासून भाकरी-चपाती गेली.

"डाळ?"

"भरडलेली डाळ उगवत नाही."

"आणि भरडायच्या आदी?"

"उगवते," चंदना म्हणाली, आणि डाळ गेली. पुढं ते दूधही नको म्हणाले, कारण गाईला वैरण कापूनच घालावी लागते. लेकीच्या प्रत्येक खऱ्या उत्तराबरोबर बापाच्या ताटातला एकेक पदार्थ उठत गेला. शेवटी उकळलेलं पाणी आणि मिळालं तर गळलेलं फळ, एवढंच राहिलं. तरुणपणी तालमीत घुमलेलं ते शरीर बघता बघता खांद्याला टोकदार झालं.

आई रोज ताट वाढून त्यांच्यापुढं ठेवी आणि रोज तसंच उचली. तिचं नाव राजमती. ती कधी तावातावानं बोलणारी बाई नव्हती. ताट उचलताना ती कुणाकडं बघतही नसे.

गावात बातमी पसरली. लोक अण्णांच्या पाया पडायला यायला लागले. एक दिवस बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष भूपालराव चौगुले शाल-नारळ घेऊन आले. अण्णा आत पडून होते, म्हणून ते चंदनापाशी बसले.

"पर्युषण पर्वात मोठा कार्यक्रम करूया म्हणतो," ते म्हणाले. "तुम्ही बोलायचं. विषय आम्ही ठरवलाय. शास्त्रात हजारो वर्षांपूर्वी जे सांगितलं, ते आज विज्ञानानं सिद्ध केलं. वनस्पती एकेंद्रिय जीव आहे, तिला स्पर्श कळतो. तुम्ही गावची लेक, वर शास्त्रज्ञ. दुधात साखर."

"काका, मी ते सिद्ध केलेलं नाही."

"कान तुमचाच ना?"

"माझाच. त्यात बुडबुडे ऐकू येतात. शास्त्रात म्हटलंय जीव. बुडबुड्यापासून त्या जीवापर्यंत फार मोठं अंतर आहे आणि ते मी अजून कापलेलं नाही. उद्या दुसऱ्या कुणी दाखवलं की झाडाला काही कळत नाही, तर तुम्ही शास्त्र खोटं म्हणणार का?"

"छे छे! ते कसं म्हणू?"

"मग आज माझ्या यंत्रानं ते खरं झालं, असं तरी कशाला म्हणता?"

चौगुले हसले. माणूस वाईट नव्हता. "अहो, एवढा बारीक कीस कोण काढतो? लोकांची श्रद्धा वाढते. एवढ्यानं काय फरक पडतो?"

"माझ्या बापाच्या ताटात पडतो," चंदना म्हणाली.

शाल आणि नारळ कट्ट्यावर ठेवून ते निघून गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अण्णांच्या अंथरुणाशी बसली. यंत्र विकणाऱ्यांनी केलेली सगळी कारागिरी तिनं त्यांना उलगडून सांगितली. मुसमुसणं रोपाचं नाही, ते माणसांनी बनवलंय, शेतकऱ्याला कळवळा यावा म्हणून मुद्दाम निवडलंय.

"हा खरा आवाज," ती म्हणाली आणि तिनं मोबाइलमधली चाल काढून टाकली. परसातल्या दोडक्याच्या वेलालाही एक कान लावलेला होता. तिकडून नुसते कोरडे ठोके आले. टक्. टक् टक्. मग बराच वेळ काही नाही. परत टक्.

अण्णा डोळे मिटून ऐकत राहिले. चंदनाला वाटलं, सुटलं एकदाचं. एवढ्या रुक्ष आवाजाला कोण कळवळणार?

"हे तर लई वाईट हाय गं," अण्णा म्हणाले. "आदीचं निदान रडत तरी हुतं. ह्याला रडायची सुदीक सोय न्हाई." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "हेच असू दे. ते दुसरं लावू नकोस परत."

त्या दुपारी चंदना बस्तीत गेली. देवळात पाऊल ठेवून तिला बरीच वर्षं झाली होती. चातुर्मासासाठी एक मुनीमहाराज तिथं उतरले होते. वयानं थकलेले, बोलणं संथ. तिनं खाली बसून नमोस्तु केलं आणि जे झालं ते सगळं सांगितलं. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की विज्ञानाकडं मागून मिळालं नाही ते मागायला ती शास्त्राच्या दारात आलीय.

महाराज म्हणाले, "वनस्पतीत जीव आहे हे आम्हांला नवं नाही. ते माहीत असूनच शास्त्रानं गृहस्थाला जेवायला सांगितलं. गृहस्थाचं व्रत वेगळं, मुनीचं वेगळं. आणि मुनीसुद्धा आहार घेतो. मी आज सकाळी घेतला."

"मग अण्णा अन्न सोडून देह झिजवतायत, ती सल्लेखना नाही?"

"सल्लेखना शरीर संपत आलेल्याची असते, शांत मनाची, गुरूच्या आज्ञेनं. तुमच्या वडिलांचं मन शांत आहे का?"

"नाही," चंदना म्हणाली. तिनं जरा घुटमळून मोबाइल पुढं केला. "महाराज, तुम्ही एकदा ऐकता का?"

महाराजांनी नकारार्थी मान हलवली. "ऐकल्यावाचून ज्याला दया येत नाही, त्याची दया यंत्र बंद पडलं की बंद पडेल. त्यांना इकडं घेऊन या."

चुलतभावाच्या गाडीतून अण्णांना आणलं. खांद्याला धरून पायऱ्या चढवल्या. महाराजांनी तिला सांगितलं होतं तेच त्यांनाही समजावून सांगितलं. अण्णांनी जमिनीला डोकं टेकलं, पण बोलले ते वेगळंच.

"महाराज, तुम्ही वाचलंय. मी ऐकलंय."



"आदगोंडा," महाराज हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे आता तुझं शास्त्र त्या डबीत गेलं."

अण्णांनी पुन्हा डोकं टेकलं. परतीच्या वाटेवर गाडीच्या काचेतून ते दोन्ही बाजूंचा ऊस बघत होते, गर्दीतून जाणारा माणूस चेहरे बघतो तसे.

*

डॉक्टरांनी सलाइन लावायचं म्हटलं, अण्णांनी हात मागं घेतला. मूत्रपिंडावर ताण येतोय, अजून आठवडाभर असंच चाललं तर आपल्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टर चंदनाला बाहेर घेऊन म्हणाले.

तेव्हा तिनं ठरवलं. अंगणात जाऊन ती फोन कानाला लावून उभी राहिली, पलीकडं कुणी नसताना 'हो, हो का?' म्हणाली आणि घाईघाईनं आत आली.

"अण्णा, प्रयोगशाळेतून फोन होता. निकाल आलाय. नक्की झालं. झाडाला काही दुखत नाही."

अण्णांनी डोळे उघडले. "कसं काढलं?"

"म्हणजे?"

"न्हाई, कसं काढलं हुडकून? कुठल्या झाडावर?"

चंदनानं तोंड उघडलं. एरवी या प्रश्नावर ती तासभर बोलली असती. आता तिला एकही वाक्य सुचेना. खोटं बोलायलाही विज्ञान लागतं आणि तिच्यापाशी होतं ते सगळं खऱ्याच्या बाजूचं होतं.

अण्णांनी तिचा हात हातात घेतला. त्यांची बोटं गार होती.

"बाळ," ते म्हणाले, "तुझं पण एक व्रत हाय. जे हाय ते हाय म्हणायचं, न्हाई ते न्हाई. माझ्यापायी मोडू नकोस."

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तोंडाला पदर लावून रडली. आई चुलीपुढं बसली होती. चूल मात्र पेटलेली नव्हती.

"आई, आज काही केलं नाहीस?"

"कुणासाठी?"

"तू काल जेवलीस का?"

आईनं नजर चुलीकडं फिरवली. तेव्हा चंदनाला दिसलं की भांड्यांचा कट्टा कालपासून कोरडा आहे. आईला साखरेचा त्रास होता. गोळी घेऊन उपाशी राहिलं की तिची साखर एकदम खाली उतरे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चंदनानं डब्यातला गूळ काढून तिच्यापुढं धरला. आईनं तो बाजूला सारला, गुडघ्यावर हात देऊन उठली, भिंत धरत धरत बाहेरच्या खोलीत गेली आणि अण्णांच्या पायथ्याशी उभी राहिली. तिच्या कपाळावर घाम डवरला होता.

"अहो," ती म्हणाली, "परसातल्या वेलाचं तुम्हांस्नी ऐकू येतंय. माझं आतडं तुटालंय महिनाभर. त्याचा आवाज धरायला कुठली डबी आणू?"

अण्णा कोपरावर उठायला लागले.

"उठू नका. तुम्ही जीव वाचवालाय, वाचवा. दोडक्याचा वाचवा, गव्हाचा वाचवा. मी ह्या घरात आल्यापास्नं पाणी गाळून दिलंय तुम्हांस्नी. किडामुंगी कधी पायाखाली येऊ दिली न्हाई. मला किती इंद्रियं हायत, ते तेवढं विचारा तुमच्या शास्त्राला. आणि..." तिचा आवाज एकदम खाली गेला, हात हवेत काहीतरी शोधायला लागले, आणि ती खाटेच्या कडेवर कोसळली.

चंदनानं धावत जाऊन तिला धरलं. अण्णांनी, ज्यांना दोन दिवस कूस बदलायला माणूस लागत होतं त्या अण्णांनी, तिच्या तोंडाशी गूळ धरला आणि ती दात आवळून घेत होती तेव्हा तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "राजे, तोंड उघड. जेवतो मी. तुझ्यासंगं जेवतो. उघड तोंड."

ती उघडेना. तिनं डोळे उघडून आधी त्यांच्याकडं नीट बघितलं. मग तोंड उघडलं.

*

तासाभरानं आई सावरली. अण्णा चंदनाच्या आधारानं परसात गेले. ऊन उतरायला अजून वेळ होता. मांडवावर दोडके लोंबत होते, पिवळी फुलं आली होती. मोबाइल कट्ट्यावर होता, तिथून अधूनमधून टक् येत होतं.

"बंद करते," चंदना म्हणाली.

"नको. असू दे."

ते वेलापुढं हात जोडून उभे राहिले. ओठ हलत होते. काय म्हणाले ते चंदनाला ऐकू आलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. मग विळ्यानं त्यांनी एक दोडका कापला.

टक् टक् टक् टक्.

अण्णांनी विळा खाली घेतला. ते थांबले, ते ठोके मंदावेपर्यंत थांबले आणि दुसरा कापला.

आईनं विळीवर दोडका चिरला, शेंगदाण्याचं कूट घालून भाजी केली, ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या. महिन्याभराचा उपाशी माणूस, म्हणून आधी अण्णांना मुगाचं पातळ कढण दिलं, मग भाकरीचा कोर आणि जराशी भाजी. तिघं स्वयंपाकघरात बसली. मागचं दार उघडं होतं. बाहेर वेल कापल्या देठांमधून आपला हिशेब सांगत होता. टक्. थोड्या वेळानं परत टक्.

अण्णांनी घास घेतला. चावताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, मिशीत उतरत होतं, पण ते चावत होते. सावकाश, आवाज आला की थांबत, मग पुन्हा.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

आईनं चिमूटभर मीठ त्यांच्या ताटाच्या कडेला ठेवलं आणि स्वतःचा घास उचलला.

चंदनाच्याही पुढ्यात ताट होतं. तो आवाज म्हणजे बुडबुडे आहेत, हे या घरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पाण्याचा धागा कसा ताणतो, कसा तुटतो, त्याची आकृती ती डोळे मिटून काढू शकली असती. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजी लावली, तोंडापर्यंत नेला.

टक्.

"जेव की," अण्णा म्हणाले. "ऐकत ऐकतच जेवायचं असतं बाळ."

तिनं मान डोलावली. आईनं तिच्या ताटात आणखी भाजी वाढली, गरम होती, वाफ येत होती. अण्णांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. भाजीची वाफ निवत गेली आणि चंदना हातातला घास तसाच धरून, पुढच्या ठोक्याची वाट बघत बसून राहिली.